जेवणाआधीची यादी

“साठ म्हणा,” मी म्हणालो.

खुर्चीतल्या निवृत्त मास्तरांनी नवी कवळी जिभेनं चाचपली. “शाठ.”

“एकसष्ट?”

“एकशष्ट.”

मी कवळी काढून घेतली, पुढच्या दातांमागे जरासं घासलं आणि पुन्हा बसवली. साठीतले आकडे स्वच्छ म्हणता आले की कवळी बसली, हा माझा तीस वर्षांचा ठोकताळा. मास्तर अडुसष्टापर्यंत न अडखळता गेले आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाले.

“हाताला यश आहे तुमच्या,” ते म्हणाले. “किती जणांना बोलतं केलंत!”

मी कवळीची डबी त्यांच्या हातात दिली. मागच्या खोलीत ही खिडकीशी बसली होती. चार महिन्यांपूर्वी हिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजायचं, पण तोंडातून ‘हं’ पलीकडे काही निघत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तेव्हा मी देवाशी अबोला धरला. धाकट्या भावाशी बारा वर्षांचा होताच, त्यात हा आणखी एक. धाकटा आणि मी एकाच कामाच्या टेबलाशी शिकलो. मग एके दिवशी त्यानं पुढच्या चौकात स्वतःचं दुकान थाटलं आणि जाताना वडिलांनी हातानं रंगवलेली पाटी काढून नेली. मला न विचारता. दुकानाचं मी समजून घेतलं असतं, पाटीचं नाही.

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम हिचं. मी शेवटच्या बाकावरचा ख्रिस्ती. उपासनेला जायचो, डोळे मिटायचो, आमेन म्हणायचो, तेही कधीकधी सगळ्यांच्या मागून. ही मात्र रोज संध्याकाळी जेवणाआधी माझा हात धरून एक यादीच देवापुढे ठेवायची. आधी नऊ दिवसांची होऊन गेलेली आमची पोर. मग वरच्या मजल्यावरची मावशी. मग पाळकांचा गुडघा. तो गुडघा बरा होऊन सहा वर्षं झाली होती, पण यादीतून काही निघाला नव्हता. त्यानंतर धाकटे भावोजी, आणि शेवटी ज्यांची कोणी आठवण काढत नाही ते सगळे. तोवर सूप गार.

पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही ही टेबलाशी बसली होती. मी चिडून म्हणालो होतो, “आता आणखी काय मागायचंय त्याच्याकडे?” तर म्हणाली, “अहो, मला आता तिला जवळ घेता येत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला, कशी आहे, एवढं तरी विचारू दे.” त्यानंतर मी त्या टेबलावर कधी वाद घातला नाही. फक्त पाटी गेल्यापासून एक खोड लागली. गुडघा आला की मी खोकायला लागायचो, पुढचं नाव कानावर पडू नये म्हणून. ही खोकला संपेपर्यंत शांत थांबायची आणि मग ‘धाकटे भावोजी’ असं अगदी स्पष्ट म्हणायची.

हिला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी एकदा विचारलं, “या रोज न चुकता काय म्हणायच्या? आकडे, गाणं, काहीही?”

“प्रार्थना करायची,” मी म्हणालो.

“मग आता तुम्ही म्हणा. मध्ये थांबा, त्यांना जागा द्या. जिभेवर बसलेलं कधीकधी आधी येतं.”

आली का पंचाईत! पहिल्या दिवशी मी हिचा लुळा हात हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, “प्रभू, नमस्कार.” हिच्या ओठाचा डावा कोपरा हसला. पुढचं मी कसंबसं रेटलं. पण खरं सांगतो, रुसून का होईना, त्या खुर्चीत रोज बसल्यानं दिवस टांगायला एक खुंटी मिळाली. देवाला मी दोन शब्द वाकडे बोललो असेन, तेही त्यानं ऐकून घेतले असावेत. रात्री झोप लागायला लागली.

तीन आठवडे झाले, तरी शब्द काही येईना. ही हल्ली प्रार्थना संपली तरी डोळे उघडायची नाही आणि चमचाही उचलायची नाही. एका संध्याकाळी बाई मुद्दाम थांबून ऐकत होत्या. आमेन झाल्यावर त्या म्हणाल्या, “यात काही गाळताय का हो?”

“नाही… म्हणजे, एक नाव.”

“गाळू नका. रस्ता ओळखीचा असेल तरच शब्द घरी येईल.”

बाई गेल्या. मी सूप झाकून ठेवलं. एका नावासाठी हिची वाचा अडकली असेल, तर मी कोण लागून गेलो? मी पुन्हा हिचा हात धरला. पोर, मावशी, पाळकांचा गुडघा. आणि नाव ओठावर येणार तेवढ्यात मला खोकला आला. मुद्दाम नव्हे, बारा वर्षांच्या सवयीनं आला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खोकला संपल्यावर मी मान खाली घालून गप्पच बसलो.

“धा… धाकटे,” कोणीतरी म्हणालं. “धाकटे भावोजी.”

जाड, घासून न काढलेला आवाज. पण हिचाच. मी रडलो, आणि रडतरडतच उरलेली यादी पुरी केली. आमेन आम्ही दोघं बरोबर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या चौकात गेलो. दारावर वडिलांची पाटी होती, दरवर्षी रंग दिलेली. धाकटा मेणात दात बसवत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

“पाटी न्यायला आलास?”

“नाही. तुझी वहिनी बोलली काल.”

“काय म्हणाली?”

“तुझंच नाव घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. रोज घ्यायची, जेवणाआधी.” मग उरलेलंही सांगून टाकलं. “मी खोकायचो तेव्हा.”

त्यानं मेण बाजूला ठेवलं. मग दिवा विझवला, हात धुतले आणि शर्टाच्या बाह्या खाली केल्या.

त्या संध्याकाळी टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. मी पोरीपासून सुरुवात केली. मावशी झाली, गुडघा झाला, आणि मी थांबलो.

“धाकटे भावोजी,” ही म्हणाली.

समोर धाकट्याला जोराचा खोकला आला. तोंडावर रुमाल धरून तो खोकत राहिला, खांदे हलत राहिले. खोकला संपेपर्यंत ही नेहमीसारखी शांत थांबली, आणि मग तिनं ते नाव पुन्हा एकदा घेतलं, अगदी स्पष्ट.