आणणाऱ्याची जीभ

त्या बारमध्ये कुणी लिंबू मागितलं की दाढी हात जोडायचा. दाढी म्हणजे बारचा मालक. त्याला तोंडावरही सगळे दाढीच म्हणत. "लिंबू परगावचं, साहेब. आमच्याकडे पायी जाऊन आणता येईल तेवढंच."

आठ उंच खुर्च्या, एक लांब फळी, खिडकीत सुकायला टांगलेल्या जुड्या, मागे दारूत पाला-फळं मुरत ठेवलेल्या बरण्या. दुपारी चारला दार उघडायचं, आठला बंद. घाई कुणालाच नसायची. शिंपी एका पेल्यावर दोन तास काढायचा आणि निवृत्त पोस्टमन शेजारी बसून त्याला टोमणे मारायचा. फळीमागे उभी असायची ती. गिऱ्हाइकांची ताई, घरी पाच महिन्यांच्या लेकीची आई.

पायी जाऊन आणायचं काम तिच्या आईचं. रोज सकाळी आई नदीकाठ पालथा घालायची, जुन्या रुळांची कड धुंडाळायची आणि दुपारी भरली टोपली फळीवर आदळायची. आंबट फळं, कडू साली, वासाचा पाला. सगळं तिच्या हातचं. नियमही तिनेच घातलेला. जो आणेल त्याने सगळ्यांदेखत पान चुरडायचं, हुंगायचं, एक काडी चावून गिळायची. मगच माल फळीच्या आत. "दुसऱ्याच्या पोटात घालायचं आणि आपण नामानिराळं राहायचं, हे मला नाही जमायचं," ती म्हणायची. गिऱ्हाइकांना हा खेळ भारी आवडायचा. ती काडी गिळायची आणि ते टाळ्या वाजवायचे.

पूर्वी तिच्या मागोमाग लेक, म्हणजे ताईही, चाखायची. बाळ झालं आणि ते बंद झालं. अंगावर पाजणारी बाई. दारूचा थेंब नको आणि रानातला पालाही नको. तेव्हापासून सगळा भरवसा एकाच जिभेवर.

तीन महिन्यांपूर्वी आईला ताप आला होता. आठवड्याभरात उठून ती पुन्हा हिंडायला लागली. पुढे एक दिवस ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि आत गॅसवर दूध करपून कोळसा झालं. घरभर वास, आणि ही बाई शांतपणे बाळाशी गप्पा मारतेय. "आई, नाक कुठं गहाण टाकलंस?" लेकीने विचारलं. आई हसली. लेकही हसली, पातेलं घासायला घेतलं, आणि विषय तिथेच मिटला.

त्या दिवशी आईने रानशेप आणली, शेपूसारखाच वासाचा रानपाला. नेहमीप्रमाणे चुरडली, हुंगली, काडी चावली. "झकास!" टाळ्या पडल्या.

लेक जुड्या धुवायला गेली आणि पाण्याखाली तिला देठांवर जांभळे ठिपके दिसले. रानशेपेला ठिपके नसतात. तिने एक देठ मोडून नाकाशी नेला. शेपेचा वास नव्हताच. उंदरांच्या बिळाचा असतो तसला कोंदट, घाण वास होता.

देठ हातात घेऊन ती फळीकडे वळली. पण खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि आईचा पाणउतारा करायचा म्हणजे... ती वाकली, हळूच म्हणाली, "आई, ही वेगळीच वाटते गं. पुन्हा एकदा वास बघ ना."

पोस्टमनचे कान तिखट. "काय ताई, आईची परीक्षा घेताय?"

"आज म्हातारी नापास!" शिंपी म्हणाला.

सगळे हसले. आईचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षं काठ तुडवतेय मी. काल आलेली पोर मला शिकवणार?" आणि तिने जुडीतला मूठभर पाला उचलून तोंडात कोंबला. लेकीचा हात पुढे आला. आईच्या मनगटापर्यंत आला आणि थांबला. सगळे बघत होते. आईने चावलं, गिळलं, रिकामं तोंड उघडून दाखवलं. पुन्हा टाळ्या.

"आई, वास कसा होता? सांग मला."

आईने पदराने तोंड पुसलं.

"आई!"

"येत नाही," आई म्हणाली. इतक्या हळू, की फक्त लेकीने ऐकलं. "तापापासून वास नाही, चव नाही. डोळ्यांनी बघून आणते."

"मग झकास कशाला म्हणतेस?"

"नाहीतर काय म्हणू? घरी बसवलं असतंस मला."

दाढीने रस्त्यात उभं राहून गाडी थांबवली. लेकीने ठिपक्यांचा एक देठ पिशवीत टाकला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच आईचे पाय लुळे पडले. मग हात जड झाले. डोकं मात्र लख्ख. डॉक्टरांनी देठ उलटासुलटा पाहिला. "याला उतारा नाही. विष ओसरेपर्यंत श्वास यंत्रावर चालवायचा. या वयात हृदयाला ते पेलेल का, सांगता येत नाही."

नळी घालायच्या आधी दोन मिनिटं मिळाली.

"माझ्या हातच्या सगळ्या बरण्या ओतून टाक," आई म्हणाली. जीभ जड झाली होती. "तीन महिन्यांच्या. एकही ठेवू नकोस."

"मी तुझा हात धरायला हवा होता."

"मी झिडकारला असता."

"तरी धरायला हवा होता गं."

आईने तिच्याकडे पाहिलं. नजर खाली घसरली. "तुझं अंग भिजलंय. पाजायची वेळ झाली. जा."

"मी इथेच बसते."

"बसून काय करणार? मला थोडंच पाजायचंय?" ओठांचा एक कोपरा हलला, दुसरा हललाच नाही. "पोरगी रडून रडून निळी होईल. जा म्हणते ना."

नर्सने तिला बाहेर काढलं. दाढी बाकावर बसला, म्हणाला, "मी आहे इथं, तू जाऊन ये." घर दहा मिनिटांवर. ती धावत गेली.

बाळाला खांद्यावर टाकून नवरा दारातच येरझाऱ्या घालत होता. ती चप्पल न काढता भिंतीला टेकून खाली बसली आणि बाळाला कुशीत घेतलं. आधी नुसतं हुंदके देणं, मग धरणं, मग घोटामागून घोट. बाहेर अजून उजेड होता. बाळाच्या इवल्याशा मुठीत तिचं एक बोट घट्ट.

फोन वाजला, दवाखान्यातून दाढीचा. नवऱ्याने उचलला, ऐकलं, नुसतं "हो, सांगतो तिला" म्हणाला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

 एक बाजू संपली तसं बाळ चुळबुळायला लागलं. तिने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.