गच्चीवर सूर्य उशिरा बुडतो

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. धंदा शिवणकामाचा म्हणून, आणि जीभही तशीच म्हणून; पण हे दुसरं कारण तिच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. शाळा तिनं जेमतेम पाहिलेली. तरी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती बायबल, म्हणजे तिचं पवित्र शास्त्र, मांडीवर घ्यायची, ओळीखाली बोट धरायची आणि जोडाक्षर आलं की त्याला बोटाखाली दाबून, वाचूनच पुढे सरकायची.

वाचलेलं त्याच दिवशी घरात लागू व्हायचं. राग मनात ठेवून सूर्य मावळू द्यायचा नाही, हे वचन वाचलं तेव्हापासून घराचा कायदा ठरला. ज्यानं दुखावलं त्यानं संध्याकाळच्या आत जाऊन मिटवायचं, नाहीतर ताट वाढलं जाणार नाही. धाकट्या मुलानं एकदा विचारून पाहिलं होतं, "आई, आभाळ भरून आलं असलं तर?"

"ढगामागेही तो बुडतोच, गाढवा. जा, भावाशी बोल."

तिच्यावर मात्र हा कायदा कधी आला नव्हता. राग तिच्याजवळ टिकायचाच नाही. तो जागच्या जागी समोरच्याच्या पदरात टाकून ती मोकळी व्हायची.

त्या दुपारी बँकेतले साहेब कोट घालून बघायला आले. बाह्या पार बोटांवर आल्या. साहेब हसले. "आजी, माझे हात कुठे गेले?"

कात्रीबाईनं थोरल्या सुनेकडे पाहिलं. कापड बेतायचं काम तिचं. "हिला टेप धरता येत नाही हो साहेब. आईनं नुसती वाढवली, हाताला वळण म्हणून लावलं नाही."

सुनेची आई नुकतीच वारली होती. सुनेनं हातातली सुई उशीत खोचली आणि ती निघून गेली.

साहेब गेल्यावर कात्रीबाईनं बाह्या उसवायला घेतल्या. माप बघावं म्हणून गळ्यातल्या टेपचं टोक हातात घेतलं आणि हात थांबला. टेपचं टोक झिजलं होतं म्हणून तिनंच मागे ते दोन इंच कापून टाकलं होतं. सून नवा घ्या म्हणून मागे लागली, तर "माझं डोकं शाबूत आहे" म्हणाली होती. माप घेताना दोन इंच मनात वजा करायचे, की झालं. साहेबांचं माप घेताना गप्पांच्या नादात वजा करायचं राहिलं. सुनेनं आपल्या धड टेपनं, सांगितलं तेवढंच बेतलं होतं.

पाहिलं कोणी नव्हतं. बाह्या आखूड करून कोट टांगून ठेवला असता तर कोंबडंही आरवलं नसतं. आणि राग तर सुनेला आलाय, तिनंच तो विझवावा, असंही तिनं मनाशी मांडून पाहिलं. पण विझवायचं ते आग लावणाऱ्यानं, असा कायदा तिनंच केला होता. तिच्या त्या बोटाखालून आजवर मुलगे गेले, सुना गेल्या. आता बोट तिच्याकडेच वळलं होतं.

समोरच्या इमारतीची सावली मशीनवर चढू लागली.

"थोरल्या, बायको कुठाय तुझी?"

"गच्चीवर. कपडे काढायला गेलीय."

"एवढा वेळ?"

"ते तू तिलाच विचार."

कात्रीबाई जिन्याला लागली. गुडघे कुरकुरले, तिनं त्यांनाही दटावलं. पहिल्या वळणावर घड्याळं दुरुस्त करणारा शेजारी दारात उभा होता. "मावशी, एवढ्या घाईनं कुठे? दिवस बुडाला की."

"तुझी घड्याळं पुढे पळतात, तसाच तू. बाजूला हो!"

पण खिडकीत खरंच सूर्य नव्हता. तिनं पाय उचलला. वरच्या वळणावर भिंतीवर केशरी डाग दिसला. त्याच्याही वर तो तिच्या पायावर आला. ती चढेल तसा सूर्य पुन्हा वर येत होता. धापा टाकत तिनं गच्चीचं दार ढकललं.

सून कठड्याशी बसली होती. कपड्यांच्या घड्या केव्हाच घालून झाल्या होत्या. पश्चिमेला सूर्याची नखाएवढी कड उरली होती.

"टेप चुकला," कात्रीबाई म्हणाली.

"टेप?"

कड आणखी बारीक झाली.

"टेप नाही गं बाई. मी. मी चुकले. आणि तुझ्या आईला बोलले ते तर... तिनं तुला गप्प राहायचं वळण लावलं, ते माझ्या आईला जमलं नाही."

सून हसली आणि मग रडली. कात्रीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात सूर्य गेला, पण आता त्याची घाई कोणालाच नव्हती.

"तू इथे कशाला येऊन बसलीस पण? माझे गुडघे निघाले."

"खाली सूर्य लवकर बुडतो, आई. म्हटलं, तुम्हाला जरा जास्त वेळ मिळावा."

 कात्रीबाईनं गळ्यातला टेप काढून सुनेच्या हातात दिला.

"फेकून दे हा. उद्या साहेब आले की त्यांच्यासमोरच सांगते, चूक माझी."

"सूर्य बुडायच्या आत?"

"आल्या आल्या सांगते. हे जिने कोण चढणार पुन्हा?"