बाकावरचा गोलकीपर

चुलतभावाचं बरं झालेलं पाहून पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नाही. मिशारीला तर ते आयतंच मिळालं होतं. कुवेतच्या आइस हॉकी संघात गोलकीपर दोन, आणि दोघंही एकाच आजोबांचे नातू. बर्राक गोलात उभा राहायचा आणि मिशारी बाकावर बसून आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी कठड्याचं दार उघडायचा. त्यात बर्राक धाकटा, आणि बर्फावर उभं राहायला त्याला मिशारीनेच शिकवलेलं. मग जळफळाट होणार नाही तर काय होणार?

थोरल्या काकांच्या दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषमंडळींच्या दालनात, रोज संध्याकाळी बैठक बसे. चहा फिरे आणि चहाबरोबर मिशारीची टिंगलही. "आमच्या घरात दोन रखवालदार," काका पाहुण्यांना सांगत. "एक गोल राखतो, एक दार." सगळे हसत. बर्राक तेवढा हसत नसे. उलट उठून मिशारीला आपली वरची, मानाची जागा देई. मिशारीला राग यायचा तो त्याचाच जास्त.

बहरीनशी सामना घरच्या बर्फावर होता. जिंकलं तर कुवेत वरच्या गटात जाणार होतं. एक गोल आपला झाला होता, आणि बहरीनचे सगळे फटके बर्राक अडवत होता. मिशारी त्याला पाण्यात पाहत बसला होता. एकदा तरी चुकू दे मेल्याला, की प्रशिक्षक बू-तलाल आपल्याला उतरवतील. देश, गट, सगळं गेलं खड्ड्यात.

शेवटाकडे बहरीनचा एक गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसला. आपले पाचही जण त्यांच्या गोलावर तुटून पडले. अशा वेळी शिक्षा संपत आली की बाकावरच्या गोलकीपरने कठड्यावर काठी दणादणा आपटायची, ही आमच्या संघाची रीत. घड्याळ बर्राकच्या पाठीमागे, आणि पुढच्यांना मागे बघायला सवड नसते; शिक्षेतून सुटलेला गडी थेट त्यांच्या पाठीमागे बर्फावर उतरतो, म्हणून त्या आवाजावरच सगळे सावध होतात. मिशारीने घड्याळ पाहिलं. काठी हातातच होती. त्याने ती आपटली नाही.

सुटलेला बहरीनी खेळाची रबरी चकती घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या वाटेत एकटा बर्राक होता. मिशारी बाकावरून अर्धा उठला. बर्राकने आडवं पडून, पाय ताणून चकती अडवली आणि अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडायला लागलं. सामना जिंकला. सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही त्याला त्या एका चकतीनेच मिळवून दिलं. म्हणजे भावाला डोक्यावर बसवलं ते मिशारीनेच.

कपडे बदलायच्या खोलीत बू-तलाल तापले होते. काठी का वाजली नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"वाजली की," बुटाची नाडी सोडता सोडता बर्राक म्हणाला. "मी ऐकली ना. गोंगाटात पोरांना ऐकू गेली नसेल."

बू-तलालनी मान हलवली आणि विषय संपला. मग बर्राक मिशारीजवळ येऊन बसला.

"दादा, काकांच्या कानावर काही जायला नको," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला बोलणार नाही."

गोल अडवला, ते मिशारीने एक वेळ सहन केलं असतं. खेळात मागे पडलेल्या माणसाला निदान मनाने तरी आपण बरे, असं म्हणून झोपता येतं. बर्राकने तेवढंही त्याच्यासाठी ठेवलं नव्हतं.