तू तर घरचीच

वसुधाकाकूंनी न विचारता नेत्राच्या ताटात तिसरं थालीपीठ टाकलं, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या,

"मुलाखतीत पहिला नंबर तुझाच होता, बरं का."

नेत्राने वर बघितलं.

"कुठल्या मुलाखतीत?"

"अगं, या सुपरवायझरच्या. आणि दोन वर्षांपूर्वीच्या सुद्धा. बाकीच्या दोघांनी दोन्ही वेळा तुलाच वर ठेवलं होतं. मीच माझे मार्क कमी दिले."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, जणू तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली साडी दाखवत होत्या. नेत्राला वाटलं, आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. पण काकू तव्यावर पाणी शिंपडत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर चूक-भूल असं काही नव्हतं.

"कमी का दिलेत?"

"का म्हणजे? पॅनेलची हेड मी, सेक्शन माझं. त्यात आपल्याच मराठी मुलीला उचलून वर बसवलं असतं तर काय बोलले असते सगळे? ही बाई स्वतःची माणसं भरते. इतकी वर्षं कुणाला तेवढं बोलायला जागा ठेवली नाहीये मी. दुसऱ्या कुणाला हे सांगितलंही नसतं. पण तू तर घरचीच. तुला कळेल."

नेत्राला कळलं. थालीपीठाचा एक तुकडा मोडून ती तो लोण्यात नुसता फिरवत राहिली.

दोघी एकाच ऑफिसात होत्या. अमेरिकेतल्या तीन काउंट्यांचं सांडपाणी सांभाळणारं ते सरकारी प्राधिकरण. काकू तिथे प्लॅनिंगच्या मॅनेजर आणि नेत्रा त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. जोराचा पाऊस झाला तर कुठल्या गटारात किती पाणी चढेल आणि कुणाच्या तळघरात शिरेल, याचं गणित ती मांडायची. काम चोख. दोन्ही वेळा बढती हुकली तेव्हा तिने स्वतःलाच दोष दिला होता. इंग्रजी बोलताना आपण अडखळतो, मुलाखतीत हसत नाही, स्वतःची टिमकी वाजवता येत नाही. एवढंच काय, ऑनलाइन पैसे भरून तिने मुलाखत कशी द्यावी याचा एक कोर्ससुद्धा केला होता!

"आणि हे बघ," काकू पुढे म्हणाल्या, "मंगळवारी अर्धा तास आधी ये. टेबलं गोल लावायची आहेत. समोशांची ऑर्डर तू दे, आणि मिनिट्सही तूच लिही. बाकीच्यांना सांगायचं म्हणजे ईमेल करा, वाट बघा, मग आभार माना. तुझं तसं नाही."

मंगळवारी कमिटीची पहिली बैठक होती. कर्मचाऱ्यांच्या नागरी हक्कांची सल्लागार समिती, असं तिचं भलंमोठं नाव. ही कमिटी व्हावी म्हणून काकू आठ वर्षं भांडल्या होत्या. इथे नव्याने लागल्या तेव्हा साहेब त्यांना मीटिंगमध्ये कॉफी आणायला पाठवायचा. नकाशे त्या काढायच्या आणि सही दुसऱ्याची व्हायची. ते दिवस त्या विसरल्या नव्हत्या. शेवटी नवीन डायरेक्टर एकदाचा तयार झाला, तोही वर्षभरापुरता. बघू या, म्हणाला, खरंच गरज आहे का ते. नियम काकूंनी स्वतः बसून लिहिले होते. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कुणीही कर्मचारी येऊन बोलू शकेल, त्याला कुणी अडवायचं नाही, आणि तक्रार ज्याच्याबद्दल असेल तो त्या वेळी अध्यक्षपदावर बसणार नाही. त्या नियमांचा काकूंना फार अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

नेत्राने थालीपीठ संपवलं. पानात टाकायची तिला सवय नव्हती.

परत जाताना गाडी तिचा नवरा ऋषी चालवत होता. जेवण होईपर्यंत तो काकूंच्या यजमानांबरोबर, उल्हासकाकांबरोबर, बाहेरच्या खोलीत मॅच बघत बसला होता, त्यामुळे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. नेत्राने सगळं एका दमात सांगितलं. रस्त्याच्या कडेला अर्धवट वितळलेला बर्फ काळा पडला होता. सिग्नल हिरवा झाला तरी ऋषीची गाडी हलेना, तेव्हा मागच्याने हॉर्न मारला.

"यार, ही सरळसरळ केस आहे," तो म्हणाला. मग थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "पण सोड ना. कुणावर करणार केस? काकूंवर?"

मागच्या सीटवरून अनयाने विचारलं,

"इज मॉम मॅड?"

"नो बेटा, मॉम इज टायर्ड."

अनया सातव्या महिन्यातच झाली होती. तेव्हा ऋषी व्हिसाच्या शिक्क्यासाठी पुण्यात अडकला होता आणि नेत्राचं इथे कुणी नव्हतं. काकू ऑफिसातून थेट हॉस्पिटलमध्ये यायच्या आणि नेत्राच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपायच्या. काचेच्या पेटीतल्या त्या चिमुकल्या जिवाशी बोलायला आधी त्याच शिकल्या, नेत्राला तर बघायचीही भीती वाटायची. ऋषी आता त्याचीच आठवण काढणार, हे तिला माहीत होतं.

"मी विसरले नाहीये," ती आधीच म्हणाली. "त्यांनी मला दुष्टपणाने त्रास दिला असता ना, तर फार बरं झालं असतं. कडाकडा भांडले असते. आता काय करू? पुढच्या वेळीही त्या हेच करतील रे. आणि पुन्हा जेवायला बोलावून मलाच सांगतील."

"मग शांतपणे बोल त्यांच्याशी. घरी."

रविवारी तिने फोन केला. काकू, मला खूप वाईट वाटलं, असं ती म्हणाली. एवढं एक वाक्य तिने आंघोळ करताना चारदा म्हणून बघितलं होतं.

"अगं, वाटणारच," काकू मायेने म्हणाल्या. "मलाही वाटलं. पण मी रिटायर झाले की रस्ता तुझाच आहे. आणखी चार-पाच वर्षं. तोवर कमिटीवर नाव होऊ दे तुझं. आणि हे बघ, समोशांबरोबर हिरवी चटणी सांग. लाल कुणी खात नाही."

नेत्राने हिरवी चटणी सांगितली.

मंगळवारी तिने टेबलं ओढून गोल लावली. एक खुर्ची गोलाच्या तोंडाशी मोकळी ठेवली, बोलायला येणाऱ्या माणसासाठी. सदस्य एकेक करून आले. पंपिंग स्टेशनवरचा कर्टिस हातावरचं ग्रीस पुसत आला. तो काळा, साठीला टेकलेला, युनियनमध्ये मुरलेला माणूस. अशा कमिट्या त्याने याआधी जन्मताना आणि मरताना बघितल्या होत्या. लॅबमधली मॅरिबेल आली आणि नेत्राच्या शेजारी बसली. आणखी दोघं-तिघं आले. दाराशी कमिटीबाहेरचे दहा-बारा कर्मचारी भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यातच कॉफीचा कप घेऊन डायरेक्टरही उभा होता.

अध्यक्ष काकूच होत्या. त्यांनी निळा सूट घातला होता. त्या थोडक्यात बोलल्या आणि छान बोलल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या,

"आता ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी पुढे यावं."

कुणी आलं नाही.

सगळे एकमेकांकडे आणि मग समोशांकडे बघायला लागले. कर्टिसने हाताची घडी घातली. काही माणसांकडे सांगण्यासारखं खूप होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पण पहिलं कोण? डायरेक्टरने घड्याळ बघितलं आणि तो हसला. वाईट हसला असं नाही, सुटका झाल्यासारखा हसला.

"नो न्यूज इज गुड न्यूज," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याकडे सगळं ठीकच दिसतंय."

काकूंचा चेहरा पडला. आठ वर्षांचं भांडण फुकट गेल्यासारखा. त्या दाराशी उभ्या असलेल्या एकेकाकडे बघत होत्या, आणि ज्याच्याकडे बघावं तो बुटांकडे बघत होता.

नेत्राने पेन खाली ठेवलं. वही तिने मॅरिबेलपुढे सरकवली, उठली, आणि त्या मोकळ्या खुर्चीत जाऊन बसली.

काकूंना केवढा धीर आला! त्या खुलल्या. आपली मुलगी वेळ सावरायला धावली, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. एक क्षण तिला वाटलं, उठावं आणि पार्किंगबद्दल काहीतरी सांगून मोकळं व्हावं.

"माझी बढती दोनदा नाकारली गेली," ती इंग्रजीत म्हणाली. "दोन्ही वेळा मी पहिली होते. माझे मार्क मुद्दाम कमी केले, कारण मी भारतीय आहे."

डायरेक्टरने कप खिडकीत ठेवला.

"कुणी केले?" कर्टिसने विचारलं. त्याच्या हाताची घडी सुटली होती.

"पॅनेलच्या प्रमुखांनी."

पॅनेलचं प्रमुख कोण, हे तिथे कुणालाच विचारावं लागलं नाही. खोलीतली सगळी डोकी एकाच बाजूला वळली. काकू टेबलावर थोड्या पुढे वाकल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला आणि त्या मराठीत म्हणाल्या,

"नेत्रा, हे घरी बोललो असतो गं. इथे? या लोकांसमोर?"

"घरीच बोलले, काकू. रविवारी."

"आम्हाला कळलं नाही," कर्टिस म्हणाला. त्याने काकूंकडे बघितलं, मग नेत्राकडे वळला. "काय म्हणाल्या त्या?"

नेत्राने काकूंकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या तिला म्हाताऱ्या दिसल्या. कानामागचे केस पांढरे झाले होते आणि ओठांवर लिपस्टिक एका बाजूला जास्त लागली होती. एवढं बोलले ते पुरे झालं, असं नेत्राला वाटलं. इथून पुढे यांना उघडं नाही पाडायचं.

"त्या म्हणाल्या, नीट विचार करून सांग," तिने इंग्रजीत उत्तर दिलं.

मॅरिबेलने ते लिहून घेतलं. कर्टिसने मान डोलावली. खोलीत थोडी हालचाल झाली, कुणीतरी खोकलं.

"नाही," काकू इंग्रजीत म्हणाल्या.

सगळे थांबले.

"मी तसं म्हणाले नाही. ती मला सांभाळून घेते आहे." त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. "मी म्हणाले, हे घरी बोलायला हवं होतं, तुमच्यासमोर नको. आणि तुम्हाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले."

"वसुधा," डायरेक्टर पुढे येत हळूच म्हणाला, "हे आपण नंतर माझ्या केबिनमध्ये बोलू. मंडळी, मला वाटतं आज इथेच थांबू या."

क्षणभर काकूंनी त्याच्याकडे बघितलं. दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं, की संपलं. नेत्राची सुटका, त्यांची सुटका, आणि सोमवारपर्यंत कमिटीही फाइलीत.

"केबिनमध्ये नको," त्या म्हणाल्या. "नियम आहे. तक्रार माझ्याबद्दल आहे, तर मी अध्यक्ष म्हणून इथे बसू शकत नाही. कर्टिस, तुम्ही या."

कर्टिस दोन पावलं चालून थांबला. खात्री करून घ्यायला त्याने एकदा विचारलंही, आर यू शुअर? काकूंनी खुर्ची मागे घेतली आणि त्याला जागा करून दिली. मग त्या टेबलाला वळसा घालून आल्या. एक घडीची खुर्ची त्यांनी उलगडली आणि नेत्रापासून हातभर अंतरावर बसल्या. हात त्यांनी मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवले.

"हे सगळं पण लिहायचं का?" मॅरिबेलने विचारलं.

"आधी ते लिही," काकू म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला एकही माणूस गेला नाही. कर्टिसने नेत्राला पहिल्यापासून सांगायला सांगितलं. तिला सांगता येईना. हाताने डोळे पुसत ती काकूंकडे वळली आणि मराठीत पुटपुटली,

"काकू, मला तुम्हाला असं..."

काकू तिच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी कर्टिसकडेच बघत मान ताठ ठेवली.

"प्लीज स्पीक टू द कमिटी, नेत्रा," त्या म्हणाल्या.

ओळख झाल्यापासून त्या तिच्याशी कधी एक अख्खं वाक्य इंग्रजीत बोलल्या नव्हत्या. नेत्राने मान हलवली, कमिटीकडे तोंड केलं, आणि ती बोलायला लागली.