रिकाम्या खुर्चीचा बिघाड

ऑफिसात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने लहानखुरी, आणि एकदा कामाला चिकटली की सुटायची नाही, म्हणून. कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीत तिला बारा वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी कुणालाच नको असलेलं काम तिच्या गळ्यात पडलं. क्रॅश रिपोर्टचं. कुणाचा कॉम्प्युटर चालता चालता मान टाकतो, त्याने ते कंपनीला कळवायचं आणि कंपनीने बिघाड शोधायचा, असा तो सरळ व्यवहार.

पण कळवत कुणीच नव्हतं. सिस्टीम वापरणारे लाखांनी आणि रिपोर्ट आठवड्याला तीसेक. त्यातही निम्म्यांत नुसत्या शिव्या.

याचं कारण तिला घरीच सापडलं. एका रविवारी सकाळी तिचे सासरे कॉम्प्युटरवर पेपर वाचत असताना तो बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर फॉर्म उघडला. सतरा प्रश्न. सासऱ्यांनी चष्मा वर केला, दोन प्रश्न वाचले आणि फॉर्म बंद करून टाकला.

"बाबा, भरा ना तो. आमच्याकडेच येतो," मुंगी म्हणाली.

"अगं, परीक्षेला बसायचं वय राहिलं का माझं? कर्नेलची आवृत्ती म्हणे कितवी! मला काय ठाऊक?"

"पण तुम्ही सांगितलं नाहीत तर आम्हाला कळणार कसं?"

सासरे जुने घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. ते हसले. "माझ्या एका तरी गिऱ्हाइकाला मी विचारलं असेल का, की कुठल्या चाकाचा कितवा दात झिजलाय म्हणून? 'बंद पडलं' म्हणायचे आणि घड्याळ माझ्या हातात ठेवायचे. पुढचं मी घड्याळाला विचारायचो."

मुंगी चहा तसाच ठेवून वही शोधायला गेली.

सोमवारी तिने हा विचार मांडला तेव्हा पहिला आडवा आला तो शंकासूर. टीममधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात हुशार माणूस. हो म्हणायच्या आधी दहा वेळा नाही म्हणायचा.

"एका बटणावर रिपोर्ट? कचऱ्याचा डोंगर येईल. आणि लोक घाबरतील ते वेगळंच. आपल्या कॉम्प्युटरमधलं काय काय नेलं, म्हणतील."

"मग काय काय नेतो ते आधीच दाखवू," मुंगी म्हणाली. "आणि नको म्हणणाऱ्याचं काहीही जाणार नाही."

तीन महिने दोघं भांडले, आणि त्या भांडणातून चांगलीच वस्तू निघाली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की एवढंच यायचं : "मघाशी मी अचानक बंद पडलो. काय बिघडलं ते कळवू का? तुमच्या फायली, फोटो, पत्रं यातलं काहीही जाणार नाही." खाली दोन बटणं, 'कळवा' आणि 'नको'. काय जाणार ते ज्याला बघायचं असेल त्याला सगळं दिसायचं. आणि वाटलंच तर काही लिहायला एक रिकामी ओळ.

शेवटी एका मंगळवारी सकाळी ही सोय लोकांपर्यंत पोचली. जेवायच्या सुट्टीपर्यंत नऊ हजार रिपोर्ट आले होते. संध्याकाळी चाळीस हजार.

मुंगी पडद्यासमोर उभीच राहिली. एकसारख्या बिघाडांचे ढीग सिस्टीम आपोआप लावत होती, पण तिचं लक्ष लागलं होतं त्या ऐच्छिक ओळींवर. "जहाजावर आहे, नेट आठवड्यातून एकदाच मिळतं." "तिसरीचा वर्ग चालू होता, मुलांनी टाळ्या वाजवल्या." "मी काही केलं नाही, देवाशपथ." आपण कुणासाठी काम करतो हे तिने बारा वर्षं आकड्यांत ऐकलं होतं. आज ती माणसं दारात येऊन बोलत होती.

तिसऱ्या दिवशी एका ढिगाने तिला अडवलं. सहाशे बारा रिपोर्ट. जिथे बिघाड होत होता त्या कोडला नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता, आणि नऊ वर्षांत त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. सोबत लिहिलेल्या ओळी अगदी तुटक : "परत." "रोज." "बोलताना." आणि प्रत्येक कॉम्प्युटरला एकच उपकरण जोडलेलं, नुसतं एक बटण.

"एका बटणाचा कीबोर्ड? असला कीबोर्ड कोण वापरतं?" शंकासुराने विचारलं.

मुंगीने शोधून काढलं. ज्यांचे हातपाय चालत नाहीत अशी माणसं ते वापरतात. बटण गालापाशी किंवा कपाळापाशी बसवलेलं असतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर उजळेपर्यंत पुन्हा थांबायचं. काही जणांचं सगळं बोलणंच त्यातून.

तिने तसं बटण मागवलं, हात मांडीखाली दाबून धरले आणि गालाने "काय झालं" एवढंच लिहिलं. अकरा मिनिटं लागली. मग तिने जुना सतरा प्रश्नांचा फॉर्म उघडला. अक्षरं उजळणारा प्रकाश त्या फॉर्मच्या खिडकीत शिरतच नव्हता. सगळ्यात जास्त ज्यांचा कॉम्प्युटर बंद पडत होता, त्यांनाच तो फॉर्म भरता येत नव्हता. साधी 'कळवा' आणि 'नको' ही बटणं मात्र उजळत होती.

ढिगात एकच ओळ लांब होती. खाली पत्ताही दिला होता. "नऊ वर्षं हेच. वाटायचं माझीच चूक. आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मुंगीने आपल्या वेगाने हिशेब केला. ही ओळ लिहायला तासभर तरी गेला असेल. तिने शंकासुराला हाक मारली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला आणि दोघांनी जुना कोड उघडला.

चूक सापडली ती अशी. काही मिनिटं कीबोर्ड किंवा माउस हलला नाही, तर समोर कुणी नाही असं समजून सिस्टीम झोपायला निघायची. या एका बटणाला ती माणसाची चाहूल समजतच नव्हती. माणूस समोर बसून जिवाच्या आकांताने एकेक अक्षर जोडतोय, आणि यंत्राच्या लेखी खुर्ची रिकामी. झोपायला निघतानाच्या त्या क्षणी बटण दाबलं गेलं, की सगळं कोसळायचं.

कोडच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. शंकासुराचंच.

त्याने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मुंगे, समोर कुणी नाही असं मी कशावरून ठरवलं गं?"

"आपण सगळ्यांनीच ठरवलं होतं," ती म्हणाली. "तू फक्त लिहून ठेवलंस."

दुरुस्ती चार ओळींची निघाली. शंकासुराने ती स्वतःच केली, आठवडाभर तपासली, आणि या वेळी एकदाही नाही म्हणाला नाही. ती लोकांपर्यंत पोचल्यावर ढीग वाढायचा थांबला. पंधरा दिवसांनी त्या बिघाडापुढे शून्य आलं. खरं शून्य. तो आकडा बघायला टीममधली माणसं एकेक करून येऊन गेली. देवळात जातात तशी, न बोलता.

मुंगीने त्या पत्त्यावर पत्र लिहिलं. माफी मागितली, आणि भेटता येईल का असं विचारलं. ती लांब ओळ लिहिणाऱ्या बाई पूर्वी नकाशे काढायच्या. आजाराने हात गेले, मग आवाज गेला. एका दुपारी व्हिडिओवर भेट ठरली. पडद्यावर पिकल्या केसांचा तरतरीत चेहरा आला. गालाजवळ बटण, मागे भिंतभर डोंगरांचे नकाशे. मुंगी आणि शंकासूर खांद्याला खांदा लावून बसले होते.

"आता बंद पडतो का हो, ताई?" शंकासुराने विचारलं.

बाईंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं आणि लिहायला सुरुवात केली. गाल हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. एका अक्षराला इतका धीर लागतो हे मुंगीला माहीत होतं, तरी ते समोर घडताना ती पहिल्यांदाच पाहत होती. एरवी दोन मिनिटं मीटिंगमध्ये न बसणारा शंकासूर बारा मिनिटं जागचा हलला नाही. एकेक अक्षर उमटलं की तो ते ओठांतल्या ओठांत म्हणायचा.

शेवटी ओळ पुरी झाली :

"अजून एक बिघाड आहे. लिहून घ्या."

बाईंचे डोळे मिस्कील हसत होते. शंकासुराने घाईघाईने वही पुढे ओढली.