दुसरी खुर्ची

माणूस घडवायचा तर आधी त्याची खोली घडवावी, असं लेखकमहाशयांचं ठाम मत होतं. अशी मतं घरच्यांना सोसावी लागतात. खलाशाच्या कादंबरीच्या वेळी त्यांनी अडगळीच्या खोलीत मुक्काम ठोकला होता आणि बायको बिचारी ताट तिथे नेऊन द्यायची. कादंबरी संपली की ती पदर खोचून घर पुन्हा जागेवर आणायची. "झालं का तुमचं? आता या माणसांत," म्हणायची.

ती गेल्यावर महाशयांनी एका एकलकोंड्या घड्याळजीची कादंबरी हाती घेतली. पडदे ओढले, भिंतीवरचे फोटो उतरवले, टेबलापाशी एकच खुर्ची ठेवून बाकीच्या माळ्यावर टाकल्या. पहिल्याच पानावर लिहिलं : या खोलीत आलेला माणूस बसत नसे. वाक्यावर ते बेहद्द खूश होते. कादंबरी मात्र काही केल्या संपेना, आणि घर जागेवर आणणारं आता कोणी नव्हतं.

रविवारी लेक आली. आई गेल्यापासून तिचं येणं कमी झालं होतं, म्हणून महाशय सकाळपासून आत-बाहेर करत होते. तिच्या हातात बॅग होती. तिने खोलीभर नजर फिरवली, पण बॅग काही खाली ठेवली नाही.

"बाबा, आईचा फोटो कुठेय?"

"कपाटात आहे. घड्याळजीचं लग्न झालेलं नाही ना."

त्यांनी चहा केला आणि सवयीने खुर्चीत जाऊन बसले. तिने दाराला टेकून, उभ्याउभ्याच कप रिकामा केला.

"निघते मी. उद्या ऑफिस आहे."

"अगं, बॅग आणलीयेस की!"

"अशीच आणली होती."

ती जिना उतरली आणि महाशयांनी अधाशासारखे कागद पुढे ओढले. खोलीने काम चोख बजावलं होतं! जितंजागतं माणूस आलं आणि बसलं नाही! दाराला टेकणं, उभ्याने घेतलेला चहा, सगळं त्यांनी एका दमात उतरवलं. बॅगेपाशी येऊन पेन अडलं. पाहुणी बॅग घेऊन का आली होती, ते लिहायला हवं होतं. ती राहायला आली होती. त्यांच्याकडे राहायला आली होती, आणि त्यांनी तिला साधं बस म्हटलं नव्हतं.

त्यांनी घाईघाईने घड्याळजीच्या खिडकीपाशी दुसरी खुर्ची लिहिली. तिच्यावर मऊ उशीही लिहिली. मग लेकीला फोन लावला.

"ऐक ना, मी दुसरी खुर्ची ठेवलीय. खिडकीपाशी."

पलीकडे बसचा आवाज येत होता.

"कुठे, बाबा? कादंबरीत की घरात?"

त्यांनी वळून पाहिलं. खिडकीपाशी काहीच नव्हतं.

"थांब, फोन ठेवू नकोस हं," म्हणत त्यांनी फोन टेबलावर ठेवला, होती ती खुर्ची माळ्याखाली नेली आणि कसेबसे तिच्यावर चढले. धुळीने माखलेली दुसरी खुर्ची खाली उतरवताना त्यांना धाप लागली. ती पुसून खिडकीपाशी मांडली, पडदा सारला, कपाटातला फोटो काढून भिंतीवर लावला. येऊन पाहतात तो फोन केव्हाच बंद झालेला.

त्यांनी पुन्हा लावला. पलीकडे रिंग वाजत होती, कोणी उचलत नव्हतं.

"घरात, गं," त्यांनी तेवढ्यात एकदा म्हणून पाहिलं. "घरात ठेवलीय."