दोघींनी ओढलेला रूळ

मित्रांनो, आधी पाय मागे घ्या. मी हललो तर कोणाला विचारून हलत नाही. मी प्रभादेवीच्या पहाटतारा क्रीडा मंडळाचा दगडी रूळ आहे. मी जुना आहे, जड आहे आणि या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. कबड्डीच्या मैदानावर पाणी मारलं की ती माती दाबून सपाट करणं हे माझं काम. मला ओढायला पुढे एक आडवा लोखंडी दांडा आहे. तो दोघांनी धरायचा असतो, एकाने डावीकडे, एकाने उजवीकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म खाणीतला. एका पाथरवटाने मला महिनाभर छिन्नीने घडवलं आणि शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा काही फुटायचा नाही." तेवढं कौतुक मला बरीच वर्षं पुरलं. पुढे मी एका कापड गिरणीच्या आवारात लागलो. गिरणी बंद पडली तेव्हा साचेखात्यातले कुशाबा मालकांच्या माणसाकडे गेले आणि म्हणाले, "देणं घेणं राहू दे, हा दगड तेवढा आमच्या पोरांना द्या." कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या चौदा माणसांनी मला ढकलत इथवर आणलं. वाटेत एक सायकल आणि एक उसाची रसवंती थोडक्यात वाचली.

मैदानात आल्या आल्या कुशाबांनी नियम घातला, "रूळ ओढल्याशिवाय कोणाचो पाय मैदानात पडूचो नाय." मग तो सेक्रेटरीचा मुलगा का असेना. त्यांचे चिरंजीव गुणाजी पुढे मंडळाचे प्रशिक्षक झाले. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी या नियमातून एक विद्या काढली. नवी जोडी रूळ ओढायला लागली की ते मागे उभे राहून मातीवरची माझी वाट बघतात. दोघांचा जोर आणि पावलं जुळली तर मी सरळ जातो, नाही तर वाकडा. ज्यांच्या हातून मी सरळ गेलो त्यांना काका कबड्डीत बचावाचे दोन कोपरे देतात. समोरची खेळाडू चढाईला आली की एका कोपऱ्याने तिचा घोटा धरायचा आणि दुसऱ्या कोपऱ्याने धावत येऊन तिची परतीची वाट अडवायची. एक क्षण मागेपुढे झाला की ती निसटलीच. तेव्हा हे काम सरळ चालणाऱ्यांचंच.

बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बारा बारा वर्षांच्या दोन मुली माझ्यापुढे उभ्या राहिल्या. अक्षदा इथल्याच गल्लीतली, सीमा वरळीच्या बीडीडी चाळीतली. दोघींनी दात ओठ खाऊन मला ओढलं. मी ढिम्म. मोठ्या मुली हसायला लागल्या. तेव्हा सीमा कुजबुजली, "अगं, वेगवेगळं नको ओढूस. मी 'हां' म्हटलं की एकदम." ती "हां" म्हणाली आणि मी हललो. गेलो तो थेट फाटकापर्यंत, सुतासारखा सरळ.  काकांनी फक्त बोट दाखवलं, अक्षदा उजवा कोपरा, सीमा डावा.

त्यानंतरची तेरा वर्षं माझी सगळ्यात चांगली वर्षं. मी बाहेरचा एकही सामना पाहिलेला नाही. मला कोण नेणार? पण पोरी परत आल्या की माझ्या पाठीवरच बसायच्या आणि सगळा सामना पुन्हा खेळायच्या. कोणी पकड हुकवली, कोणाचं ढोपर फुटलं, पंच कसा आंधळा होता, सगळं मला पाठ आहे. दोघी जिल्ह्याकडून खेळल्या, राज्याकडून खेळल्या. पेपरात दोघींचा फोटो आला तेव्हा तो कोणीतरी माझ्यावर चिकटवला होता. पावसाने तो नेला, पण मी तो पाहिला होता.

आमच्याकडे दसऱ्याला माझी पूजा होते. झेंडूची माळ, कुंकू, नारळ. आणि मग माझ्या पाठीवर पुठ्ठा ठेवून पुढच्या हंगामाची यादी लिहिली जाते. जिच्या नावापुढे सही पडली ती वर्षभर पहाटताराची.

नऊ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या क्लबाचे लोक आले. त्यांना दोन्ही कोपरे हवे होते. दोघींना पक्की नोकरी, अट एकच, खेळायचं त्यांच्याकडून. अक्षदा म्हणाली, "मला नको." सीमाने विचाराला वेळ मागितला. तिच्या वडिलांचं काम सुटलं होतं, पाठीवर दोन भावंडं होती, पण हे तिने कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दसऱ्याला ती सही करायला आली नाही. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन आली. "सोनं घे ना," अक्षदाला म्हणाली. अक्षदाने हात पुढे केला नाही. सीमाने ती पानं माझ्यावर ठेवली आणि गेली. सकाळी ती पानं शेजारच्या बकरीने खाल्ली. खरं सांगतो, मलाही तेव्हा सीमाचा राग आला होता. मी आयुष्यात एकच मैदान ओळखतो. जाणाऱ्यांचं मला काय कळणार?

त्या दिवसापासून मी वाकडा जायला लागलो. अक्षदाच्या डाव्या बाजूला कितीतरी मुली आल्या. चांगल्या होत्या सगळ्या. पण कोणी घाई करायची, कोणी मागे रेंगाळायची, आणि मी भिंतीला जाऊन टेकायचो. काका मातीकडे बघायचे आणि डावीकडे दुसरी मुलगी लावायचे.

अक्षदा मात्र राहिली. सकाळी एका शाळेत खेळाच्या बाई, संध्याकाळी मैदानावर. तिला पुढेही बोलावणी येत राहिली. आता तुम्ही टीव्हीवर बघता, खेळाडूंचा लिलाव होतो, दर वर्षी नवी जर्सी. त्यात काही वाईट नाही, तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. पण अक्षदाची जर्सी बावीस वर्षं एकच, केशरी, पाच नंबर. लोक तिला आधी वेडी म्हणाले, मग हट्टी म्हणाले आणि वीस वर्षं झाल्यावर एकनिष्ठ म्हणायला लागले. ती होती तशीच होती.

तीन वर्षांपूर्वी मैदानावर मॅट आली. मॅटला रूळ लागत नाही. मला कडेला सारलं. माझ्या आसाला गंज चढला, पोरी माझ्यावर ओल्या जर्सी वाळत घालू लागल्या. नवे सेक्रेटरी विकास मला सरळ 'धोंडा' म्हणतात. यंदा त्यांनी जाहीर केलं की दसरा झाला की टेंपो बोलावून हा धोंडा हलवायचा, तिथे मॅट ठेवायची शेड होईल. मी काय बोलणार? मला तोंड कुठे आहे?

पण माझ्यापेक्षा मोठी काळजी दुसरीच होती. अक्षदाने सांगितलं होतं की हा शेवटचा हंगाम, आणि शेवटचा सामना याच जर्सीत. आणि त्याच महिन्यात पाच मुली संघ सोडून गेल्या. कोणाला नोकरी मिळाली, कोणाचं लग्न ठरलं, आणि नूपुर नावाची आमची तरणीताठी चढाईपटू त्याच मोठ्या क्लबात गेली. उरल्या सहा. जिल्हा स्पर्धेच्या यादीत सात नावं नसली तर संघ बाद, आणि यादी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायची.

"कोणाही पोरीचं नाव घाला हो," विकास म्हणाले.

"खोटी यादी माझ्या हातून जायची नाही," काका म्हणाले. "डावो कोपरो रिकामो आसा. तो सांभाळणारी व्हयी."

दुसऱ्या एका मंडळाने अक्षदाला एका हंगामासाठी मानाने बोलावलं, निरोप समारंभासकट. ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी परक्याची जर्सी? त्यापेक्षा मी घरी बसेन." म्हटलं खरं, पण घरी बसायच्या कल्पनेने तिचा चेहरा उतरला होता. बावीस वर्षं सांभाळलेली गोष्ट एका नावासाठी अर्धवट राहणार होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सगळे गेल्यावर ती माझ्यावर येऊन बसली. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग तिचा आवाज ऐकू आला.

"सीमा? मी अक्षदा... हो, तीच... नाही गं, घरी सगळे बरे आहेत... मैदानावरून बोलतेय. रुळावर बसलेय." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "मला माहीत आहे तू खेळणं सोडलंस. तीन वर्षं झाली ना?... एक नाव कमी पडतंय. डावा कोपरा... नाही, काकांनी नाही सांगितलं. मीच विचारतेय." आणि अगदी शेवटी, हळूच, "नऊ वर्षं मी फोन केला नाही. चूक झाली माझी."

फोन ठेवून ती घरी गेली. सीमा हो म्हणाली की नाही ते मला कळलं नाही. दगडाला पाझर फुटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या संध्याकाळी माझ्या जागी असायला हवं होतं.

दसऱ्याला पूजा झाली, पुठ्ठा माझ्यावर आला, सहा सह्या झाल्या. काकांनी सातव्या ओळीवर पेन ठेवलं आणि उचललं. तेवढ्यात फाटकातून सीमा आली. निळी साडी, केसांत गजरा, हातात आपट्याची पानं. ती थेट काकांपुढे उभी राहिली.

"काका, नाव घालायचंय."

"रूळ ओढलंस?"

"बावीस वर्षांपूर्वी ओढलाय."

"ता तेव्हाचा झाला. आता नव्यान ओढ."

विकास मध्ये पडले, "काका, तीन वर्षं हललेला नाही तो. गंजलाय पार. आणि साडीत काय ओढणार त्या?"  पूजेच्या समईतलं तेल काकांनी माझ्या आसावर ओतलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सीमाने पदर खोचला आणि डावी बाजू धरली. उजव्या बाजूला जायला कोणी पुढे येईना. नव्या मुलींनी सीमाबद्दल एकच ऐकलं होतं, ती सोडून गेलेली.

अक्षदा पुढे आली आणि तिने उजवी बाजू धरली.

"हां कोणी म्हणायचं?" सीमाने विचारलं.

"तूच म्हणायचीस ना."

सीमाला म्हणता येईना.  दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "हां."

मित्रांनो, मी करकरलो, कण्हलो आणि हललो. मॅटच्या कडेला राहिलेल्या मातीच्या पट्टीवरून फाटकापर्यंत गेलो. काका मागे उभे राहून मातीवरची माझी वाट बघत होते. वाट सरळ होती. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि सातव्या ओळीवर सीमाचं नाव लिहिलं.

मग सीमाने पुन्हा पानं पुढे केली. "सोनं घे."

"मागच्या वेळचं बकरीने खाल्लं," अक्षदा म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. दोघी हसता हसता रडायला लागल्या. सीमा म्हणाली, "तू राहिलीस म्हणून मला यायला जागा राहिली." मला नऊ वर्षं सीमाचा राग होता. तो त्या क्षणी कुठे गेला ते मला सांगता येणार नाही.

जिल्हा स्पर्धा यंदा आमच्याच मैदानावर झाली, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी असे सामने स्वतः पाहिले. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. समोर मोठा क्लब आणि त्यांच्याकडून नूपुर. आम्ही दोन गुणांनी हरलो. पण शेवटच्या चढाईला नूपुर आत आली, अक्षदाने तिचा घोटा धरला आणि पस्तिशीतली सीमा अशी धावली की नूपुरला मध्यरेषा दिसलीच नाही. पकड! हरलेल्या संघासाठी अख्खी गल्ली उभी राहून टाळ्या वाजवत होती. नूपुर उठली ती आधी अक्षदाच्या आणि मग सीमाच्या पाया पडली.

माईकवाल्याने अक्षदाला विचारलं, "ताई, बावीस वर्षं एकाच संघात कशा राहिलात?"

ती घाम पुसत म्हणाली, "एकाच संघात राहायला आधी संघ राहावा लागतो. तो मी एकटीने नाही ठेवला."

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. विकासनी स्वतः त्याला परत पाठवलं आणि शेड चार हात पलीकडे सरकवली. आता दर रविवारी नव्या मुली त्या मातीच्या पट्टीवर मला ओढतात. मागे काका उभे असतात आणि त्यांच्या बाजूला अक्षदाबाई, गळ्यात शिट्टी. मॅटला माझी गरज नाही. माणसांना आहे.

तेव्हा मुलांनो, तुमच्या मंडळाचं जुनं सामान फेकण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा. जो सोडून गेला असेल त्याला फोन करा, आणि वेळेवर करा, नऊ वर्षं थांबू नका. आणि मला ओढायला कधीही या, मी इथेच आहे. फक्त जोडीने या. एकट्याने ओढलं की मी वाकडा जातो.